सहा गोळ्या संपल्यावर: कानपुरी रिव्हॉल्व्हर पुन्हा भरण्याची पद्धत आणि साहित्य

प्रश्न असा आला आहे: "उस्ताद, माझ्याकडं कानपूरचं ३२ बोअरचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. गेवराईच्या बाजूला आमचं जिनिंग आहे, कापसाच्या हंगामात रात्री-अपरात्री रोकड घेऊन यावं लागतं. चांदमारीला गेलो तेव्हा सहा गोळ्या उडवून पुन्हा सहा भरायला मला अर्धा मिनिट लागला, आणि बघणारे हसले. आतेभाऊ अमेरिकेहून मून क्लिपांचं पाकीट घेऊन आलाय. त्या चालतील का? का स्पीडलोडर मागवू? नेमकं काय घेऊ ते सांगा."

आधी मून क्लिपांचं उरकून टाकतो, म्हणजे जीव तिकडं लागून राहणार नाही. त्या चालणार नाहीत. पाकीट फोडलं नसेल तर आतेभावाला परत करा.

का चालणार नाहीत हे समजून घ्या, कारण बाकीचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकी फौजेला पिस्तुलं पुरेनात. मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांनी पिस्तुलाची ४५ बोअरची गोळी खाणारं रिव्हॉल्व्हर करून दिलं. अडचण एकच होती. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड नसते, उलट आत गेलेली खाच असते. रिव्हॉल्व्हरची पुंगळी बाहेर ढकलणारी चांदणी कडेला धरूनच काम करते. कडच नाही तर धरणार कशाला? म्हणून पातळ पत्र्याची अर्धचंद्राकृती क्लिप निघाली. तीन काडतुसं तिच्या दातांत अडकतात, आणि पत्राच कडेचं काम करतो. पुढं सहाही गोळ्या एकत्र धरणारी गोल क्लिप आली. मून क्लिपा म्हणतात त्या याच. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक नावाच्या अमेरिकी नेमबाजानं सहा गोळ्या, भरणा, पुन्हा सहा गोळ्या असा सगळा कारभार २.९९ सेकंदांत उरकला, तो अशाच क्लिपांवर. हे व्हिडिओ बघूनच आपली पोरं पाकिटं घेऊन येतात.

तुमच्या ३२ च्या काडतुसाला कड आहे. सिलिंडरची, म्हणजे सहा भोकांच्या फिरत्या नळकांड्याची, मागची बाजू आणि पाठीमागची भिंत यांच्यात त्या कडेपुरतीच जागा ठेवलेली असते. मधे पत्रा घातला तर रिव्हॉल्व्हर बंदच होणार नाही. बाहेर काही कंपन्या कडवाल्या गोळ्यांसाठीही सिलिंडर खरडून मून क्लिपची सोय करतात, हे खरं आहे. पण आपल्याकडं कुणी लेथवाला "देतो करून मालक" म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरीही चढू नका. शस्त्राची दुरुस्ती असो की फेरफार, ते करणाऱ्याकडं त्याचा परवाना लागतो. लेथवाल्याकडं तो नसतो. आणि सिलिंडरमधून काढलेलं पोलाद परत चढवता येत नाही.

भरण्याबद्दल बोलतोय तर एक खुलासा करून टाकतो. रिलोडिंग या शब्दाचा दुसरा अर्थ रिकाम्या पुंगळीत बारुदाला पेट देणारी नवी टोपी, बारूद आणि शिसं घालून काडतूस तयार करणं असाही होतो. ते दारूगोळा बनवण्यात मोडतं, त्याला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो विषय आपला नाही.

आता तुमचं रिव्हॉल्व्हर. सिनेमात दिसतं तसं त्याचं सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर झुलत नाही. ते बिजागरीवर मधून दुमडतं, बारा बोअरच्या दुनळीसारखं. घडण वेब्ली या इंग्रज कंपनीच्या ३८ बोअरवरून घेतलेली आहे, म्हणजे मूळ जुनं इंग्रजी वळण. २०१४ साली बायकांसाठी म्हणून निघालेलं निर्भीक, तेही दुमडणारंच. कानपूरच्या कारखान्यानं बाजूला झुलणाऱ्या सिलिंडरचं प्रबळ काढलं ते थेट २०२३ मध्ये. त्यामुळं मराठवाड्यात कपाटांतून निघणारी बहुतेक परवान्याची रिव्हॉल्व्हरं दुमडणारी आहेत, आणि इंटरनेटवरची बहुतेक शिकवणी झुलणाऱ्या सिलिंडरची आहे. तुमचा अर्धा मिनिट तिथं गेला. दुसऱ्याच्या हत्याराची कवायत तुम्ही आपल्या हत्यारावर करत होता.

दुमडणाऱ्याचं चांगलं काय ते ऐका. उघडलं की नळी जमिनीकडं लोंबते आणि सहाही भोकं आभाळाकडं तोंड करून उभी राहतात. गोळी सोडली की आपोआप आत जाते. झुलणाऱ्या सिलिंडरला आधी नळी वर करून मधली दांडी तळहातानं ठोकावी लागते, मग नळी खाली करून भरावं लागतं. तुमच्याकडं हे दोन्ही एकाच हालचालीत होतं: दुमडताना चांदणी स्वतःच वर येते, पुंगळ्या फेकते आणि पूर्ण उघडलं की टकदिशी परत बसते.

पूर्ण उघडलं तरच, बरं का. इथं माझी फजिती सांगतो.

मी पोलिसात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, त्याआधी वेपन ट्रेनिंगला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ३८ च्या रिव्हॉल्व्हरची चांदमारी चालली होती. आपल्याकडं चांदमारीचा एक नियम सगळ्यांना पाठ: जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या मोजून जमा करायच्या. एक कमी भरली तर संध्याकाळपर्यंत गवतात गुडघ्यावर रांगायचं. त्यामुळं आम्ही सगळेच रिव्हॉल्व्हर हळूच, जपून, दुधावरची साय काढावी तसं उघडायचो आणि पुंगळ्या डाव्या तळहातात झेलायचो. त्या दिवशी एक मोठे साहेब पाठीमागं उभे. मी हळूच उघडलं, पाच पुंगळ्या हातात आल्या, सहावी अर्धवट वर आली आणि चांदणी परत बसताना तिच्याखाली घसरली. आता ती पुंगळी बाहेर येईना, आत जाईना. चांदणी वर अडकलेली, रिव्हॉल्व्हर मिटेना. नखानं उकरलं, मग खिशातल्या पेनच्या टोपणानं. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळ बघितलं. शेवटी चांदणी बोटानं उचलून धरून पुंगळी उचकटली तेव्हा दीड मिनिट झालं होतं.

तेव्हापासून मी शिकवताना एकच सांगतो: उघडायचं ते झटक्यानं आणि पूर्ण. पुंगळ्या पडू द्या. त्या नंतर वेचता येतात, नाहीतर खाली गोधडी अंथरा.

हा नुसता वेळेचा मामला नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात न्यूहॉल नावाच्या ठिकाणी एप्रिल १९७० मध्ये महामार्ग पोलिसांचे चार जवान एका चकमकीत गेले. त्यातला एक रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असताना मारला गेला, एकेक सुटी गोळी घालत होता. त्याच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, चांदमारीच्या सवयीनं त्यानं त्या खिशात टाकल्या होत्या, अशी गोष्ट जगभरच्या प्रशिक्षण केंद्रांत कित्येक वर्षं सांगितली गेली. पुढं ज्यांनी कागदपत्रं धुंडाळली त्यांनी ती खोडून काढली. गोष्ट खोटी ठरली तरी मला ती पहिल्यांदा ऐकल्यावर घाम फुटला होता, कारण आमच्याकडं तर पुंगळ्या झेलणं हे शिकवलंच जात होतं. न्यूहॉलनंतर मात्र तिथल्या पोलिसांनी सुट्या गोळ्या सोडून स्पीडलोडर, म्हणजे सहा गोळ्या एकदम भरायच्या डब्या, घेतले, हे खरं आहे.

आता हातांचं काम. उजव्या हाताचे आहात असं धरून सांगतो.

बोट चापावरून काढून बाहेर सांगाड्यावर सरळ. घोडा पडलेला असला पाहिजे, ओढून ठेवलेला नको. डावा हात नळीवर, चापाच्या कडीच्या पुढं. उजव्या अंगठ्यानं डाव्या बाजूचा खटका दाबला की डाव्या हातानं नळी खाली झटकायची, आणि त्याच वेळी सगळं हत्यार मनगटातून किंचित उजवीकडं कलतं करायचं, म्हणजे पुंगळ्या वर उडून परत भोकावर न पडता बाजूला गळतील. नळी कायम पुढं आणि खाली. आपल्या पायाकडं नाही, गुडघ्याकडं नाही. हे लिहायला सोपं आहे. पण घाईत माणूस हत्यार छातीशी ओढतो आणि नळीचं तोंड कुठं गेलं हे विसरतो. हात नाभीच्या जरा वर, कोपर बरगडीला टेकलेलं, तिथंच राहू द्या.

मग उजवा हात मूठ सोडतो. सगळा भार डाव्या हातावर: दोन बोटं आणि तळवा नळीवर, अंगठा सिलिंडरवर, कारण उघडल्यावर ते भिंगरीसारखं फिरू बघतं. मोकळा उजवा हात गोळ्यांकडं. काही जण उलटं करतात, मूठ उजव्या हातातच ठेवून डाव्यानं भरतात. स्पर्धेतल्यांना ते जमतं, रोज शेकडो गोळ्या झाडणाऱ्यांना. तुमच्यासारख्यानं नाजूक काम उजव्या हाताकडंच द्यावं.

आणि गोळ्या दोन-दोन घालायच्या. एकेक नव्हे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत दोन काडतुसं शेजारी धरायची, टोकं किंचित फाकलेली. शेजारच्या दोन भोकांवर टेकवायची आणि सोडायची. डाव्या अंगठ्यानं सिलिंडर दोन घरं पुढं. पुन्हा दोन. पुन्हा दोन. हे शिकवायला मला शहरातल्या पोरांपेक्षा शेतकऱ्यांची पोरं जास्त सोपी गेली. ज्यानं चाड्यावर मूठ धरलीय त्याला सांगावं लागत नाही. बियाणं बोटांतून किती सुटतंय हे तो बघत नाही, त्याला ते बोटांना कळतं आणि पावलाबरोबर ताल लागलेला असतो. भरण्याचा ताल तोच. डोळे पहिल्या जोडीला लागतात, तिसऱ्या जोडीपर्यंत ते समोर गेले पाहिजेत.

मिटताना नळी डाव्या हातानं वर आणायची, खटका बसल्याचा आवाज ऐकायचा. एका हातानं हिसका देऊन फटकन मिटवायचं ते फक्त पडद्यावरच्या लोकांनी. रोज तसं केलं की बिजागरी ढिली होते, खटका झिजतो, आणि मग गोळी सुटताना मधल्या फटीतून शिसं आणि गरम वायू तोंडावर. झुलणाऱ्या सिलिंडरवाल्यांनीही मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर आत मारू नये, त्याचा कणा वाकतो.

माझ्या घड्याळात नवख्याला सुट्या गोळ्या भरायला वीस सेकंद लागतात, तुमच्यासारखा घाबरला तर तीस. दोन-दोनचा ताल बसला की तोच माणूस दहाच्या आत येतो. एक पैशाचं साहित्य न घेता. म्हणून साहित्याकडं मी आता येतोय, आधी नाही.

गोळ्या खिशात सुट्या ठेवणारे मी खूप पाहिलेत. एका मालकांच्या खिशातून गोळ्यांबरोबर चुन्याची डबी, तंबाखूची पुडी आणि गाडीची किल्ली निघाली. तंबाखूचा भुगा भोकात गेला की गोळी केसभर वर राहते, आणि तेवढ्यात रिव्हॉल्व्हर मिटायचं थांबतं. खिसा लागलाच तर तो एकच, उजव्या बाजूचा, आणि त्यात दुसरं काही नाही.

चामड्याच्या पट्ट्याला शिवलेल्या कड्या, ज्यांत काडतुसं ओळीनं दिसतात, त्या दिसायला रुबाबदार. लग्नात फोटोला छान. पण चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि पितळ यांचं जमत नाही. त्यात आपला घाम. महिना-दोन महिन्यांत पितळेवर हिरवा कळंक चढतो, तोच, ज्याच्यामुळं बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं. कळंक चढलेलं काडतूस कडीतून निघत नाही, निघालं तर भोकात अडकतं, आणि उडाल्यावर पुंगळी चांदणीलाही दाद देत नाही. वापरायच्याच असतील तर कड्यांतल्या गोळ्या रोज रात्री काढून ठेवा.

स्पीडलोडर म्हणजे सहा गोळ्या वर्तुळात धरणारी डबी. ही कल्पना काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. प्रिडो नावाच्या इंग्रज दंतवैद्यानं १८९३ मध्येच असल्या भरण्याचं पेटंट घेतलं होतं, आणि पहिल्या महायुद्धात काही ब्रिटिश अधिकारी तो आपल्या वेब्लीसाठी वापरायचे, म्हणजे तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या आजोबासाठी. दुमडणाऱ्या हत्याराला स्पीडलोडर शोभतो, कारण भोकं आभाळाकडं असतात आणि मुठीची लाकडी फळीही आड येत नाही. आजचे दोन प्रकार. एकात मागचं बटण फिरवलं की गोळ्या सुटतात आणि स्वतःच्या वजनानं खाली पडतात, एचकेएस कंपनीचे असे असतात. दुसऱ्यात डबी सिलिंडरवर दाबली की मधली कळ सुटते आणि स्प्रिंग गोळ्या आत ढकलते, सफारीलँड कंपनीचे काही असे. दुसरा जलद, पहिला टिकाऊ आणि रांगडा. खिशात आपटला तरी सुटत नाही.

पण मेख इथं आहे: स्पीडलोडर बोअरवर ठरत नाही, सिलिंडरवर ठरतो. सहा भोकांच्या मध्यांमधून जाणारं वर्तुळ डबीतल्या गोळ्यांच्या वर्तुळाशी जुळलं पाहिजे. बाहेरचे ३२ चे स्पीडलोडर बाहेरच्या सिलिंडरच्या मापानं केलेले असतात. पाकिटावर ३२ लिहिलंय म्हणून कानपुरीला बसेलच असं नाही. डमी, म्हणजे बारूद नसलेल्या खोट्या, गोळ्या घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सहाही टोकं एकदम भोकांत शिरली पाहिजेत, हलवाहलव करावी लागली तर तो तुमचा नाही. अर्धवट बसणारा स्पीडलोडर हाताच्या दोन-दोनपेक्षा हळू पडतो, हे मी स्वतः मोजलंय.

त्यामुळं तुमच्यासाठी माझी निवड पट्टी. बोटभर लांब, रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकची, एका रांगेत सहा काडतुसं कडेनं धरून ठेवणारी. दोन गोळ्या शेजारच्या दोन भोकांत घालायच्या, पट्टी बाजूला वाकवून सोलल्यासारखी ओढायची, की त्या दोन सुटतात. मग पुढच्या दोन. म्हणजे दोन-दोनचाच ताल, फक्त गोळ्या शोधायला बोटं खिशात चाचपडत नाहीत. सिलिंडरचं वर्तुळ जुळायची कटकट नाही. शर्टाच्या खिशात सपाट राहते, पोटावर गुंडा येत नाही. आणि अर्धवट भरायचं असेल तर नुसत्या दोनच घालता येतात, जे स्पीडलोडरला जमत नाही.

फक्त पट्टी ३२ ची बघा. बाजारात ३८ च्या जास्त दिसतात. ३८ च्या काडतुसाची कड ११ मिलिमीटरच्या वर, तुमच्या ३२ ची साडेनऊच्या आसपास. ३८ च्या पट्टीत तुमच्या गोळ्या धरल्यासारख्या वाटतील आणि नेमक्या वेळी चपलेजवळ पडतील. दुसरं, गाडीत डॅशबोर्डवर टाकू नका. परभणीत एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पट्टी कडक होते, मग सोलताना तुटते. वर्षातून एकदा वाकवून बघायची, तडा दिसला की फेकायची. तुम्हाला हव्यात दोन. एक भरलेली जवळ, एक सरावाला डमी लावून. जवळ किती काडतुसं बाळगायची त्याचा आकडा तुमच्या परवान्यावर आहे, त्याच्या पलीकडं जायचं नाही.

काडतुसाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडं रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची, दोन्ही "३२ बोअर" म्हणूनच बोलली जातात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस ७.६५×२३ मिलिमीटर, त्याला ३२ स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात. पिस्तुलाचं ७.६५×१७. लांबीतला फरक नुसत्या डोळ्यानंही कळतो. पिस्तुलाची गोळी कधीकधी रिव्हॉल्व्हरच्या भोकात बसतेही, आणि तिथंच माणूस फसतो. अमेरिकी मानकात रिव्हॉल्व्हरच्या या गोळीचा दाब जास्तीत जास्त १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरलाय, पिस्तुलाच्या गोळीचा २०,५००. छोटी दिसते म्हणून कमजोर समजू नका. पाकीट घेताना २३ आकडा वाचायचा.

तुमची गोळी शिशाची, गोल टोकाची आहे. भरायला हीच चांगली, टोक आपलं आपण भोक शोधतं. याच काडतुसाचा एक चपट्या तोंडाचा प्रकार नेमबाज २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेला वापरतात, कागदावर छिद्र स्वच्छ पडावं म्हणून. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच स्पर्धेत. पण ती चपटी गोळी घाईत भोकाच्या काठावर अडते, तिला ताल लागत नाही.

सरावाचं सांगतो. आधी घरातली सगळी खरी काडतुसं मोजून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, कुलूप, किल्ली बायकोकडं. हसू नका, आम्ही प्रशिक्षणात हेच करायचो, फक्त किल्ली हवालदाराकडं असायची. मग रिव्हॉल्व्हर उघडून सहाही भोकांतून उजेड बघायचा आणि बोट घालून चाचपायचं. डमी गोळ्या ॲल्युमिनियमच्या किंवा रंगीत प्लॅस्टिकच्या घ्या. उडालेल्या पुंगळीत नवी शिशाची गोळी बसवून केलेली घरगुती डमी नको. एक दिवस खऱ्याच्या शेजारी पडते आणि ओळखू येत नाही. जुना वाडा असेल तर माळवदाच्या हातभर जाड मातीच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहा. नवीन स्लॅबच्या घरात साडेचार इंची विटेची भिंत आणि पलीकडं शेजाऱ्याची न्हाणी, तिकडं तोंड करून डमीसुद्धा नाही.

समोर खाटेवर गोधडी. रोज दहा वेळा. पहिला आठवडा घड्याळ लावायचंच नाही. नुसती चूक मोजायची: किती वेळा गोळी पडली, किती वेळा नळीचं तोंड भटकलं, किती वेळा बोट चापावर गेलं. दुसऱ्या आठवड्यात डोळे झाकून. रात्री शिवारातून येताना उजेड नसतो, टॉर्च तोंडात धरून भरणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ.

अर्ध्या रिकाम्या हत्याराचं दुखणं दुमडणाऱ्यात जास्त आहे. तीन उडाल्या, तीन आहेत, आणि मधे उसंत मिळाली. झटक्यानं उघडाल तर उरलेल्या तीन चांगल्या गोळ्याही पुंगळ्यांबरोबर चिखलात जातील, चांदणीला उडालेली-न उडालेली कळत नाही. म्हणून उसंत असेल तरच, हत्यार जरा उजवीकडं कलतं ठेवून तळहात आड धरून सावकाश उघडायचं, सगळ्या हातात घ्यायच्या, चांगल्या परत आणि नव्या वर. उसंत नसेल तर तीन गोळ्या म्हणजे तीन गोळ्या, तशाच राहू द्या. इथं झुलणारं सिलिंडर बरं. दांडी थोडी दाबून पुंगळ्या तेवढ्या वेचता येतात.

आणि जाताजाता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या सगळ्या नोकरीत परवान्याच्या माणसाला दुसऱ्या सहा गोळ्यांची गरज पडलेली मी पाहिली नाही. भरलेलं रिव्हॉल्व्हर घरी उतरवताना, मित्राला दाखवताना, लग्नात हवेत झाडताना झालेले अपघात मात्र बरेच पाहिले. हवेत झाडण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. २०२५ मध्ये तुमच्याच बीड जिल्ह्यात छाननी होऊन शंभरावर परवाने रद्द झाले. रोकडीसाठी माणूस सोबत घ्या, वेळ बदला, बँकेत भरा; रिव्हॉल्व्हर त्यानंतर.

शेवटी ती चांदणी. तिच्याखालची जागा साफ नसेल तर पट्टी, स्पीडलोडर, ताल सगळं पाण्यात. जिनिंगमध्ये रुईचा तंतू हवेतच असतो, तेल लावलेल्या हत्याराला तो असा चिकटतो की चांदणीखाली गादी तयार होते. गोळीबारानंतर न जळलेल्या बारुदाचे कण तिथंच जातात. दात घासायचा जुना ब्रश, चांदणी बोटानं उचलून धरायची, खालून गोल झाडायचं, सुती चिंधीनं पुसायचं. भोकं आतून कोरडी ठेवायची; तेल राहिलं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि नुसता टक आवाज येतो.

दसऱ्याच्या आठवड्यात माझ्याकडं एक रिव्हॉल्व्हर बघायला आणलं होतं. तक्रार अशी की गोळ्या घातल्या की मिटत नाही, रिकामं असलं की छान मिटतं. मालक घाबरलेले, कानपूरला पाठवावं लागतंय का म्हणून. मी रिकामं करून घेतलं, चांदणी उचलली. खाली कुंकवानं लाल झालेली एक अक्षत बसली होती, खंडेनवमीच्या पूजेतली. तिच्यामुळं चांदणी दाण्याच्या जाडीइतकी वर राहत होती आणि सहाही काडतुसं तेवढीच. टाचणीनं काढली, ब्रश फिरवला, मिटलं. तुम्ही पूजा करत असालच. अक्षता मुठीकडं वाहा आणि रिव्हॉल्व्हर मिटलेलं ठेवा.